सात वाजता परत

"मॅडम, तुम्ही हे सगळं एकदा लिहून काढा हो!" असं मला आजवर कितीतरी जणांनी सांगितलंय. सांगणाऱ्याचं काय जातं! ऐकायला दोन मिनिटं, हसायला एक मिनिट, आणि नंतर चहा माझ्याच खात्यावर.

हे किस्से साठतात कसे, ते मात्र मला नीट माहीत आहे. दिवसभर ऑफिसात ऐकायचे आणि घरी सांगायचे नाहीत, म्हणून साठतात. घरी एकदा सांगायला गेले होते. नवरा म्हणाला, "जेवताना तरी मेलेल्यांचं नको गं." त्याचंही बरोबरच आहे. तेव्हापासून डब्यासोबत मी किस्सेही ऑफिसातच ठेवून येते.

माझं टेबल पोलीस खात्यातलं. पण घाबरू नका, मी पोलीस नाही, साधी कारकून. माझ्याकडे ना चोर येतो, ना साहेब. माझ्याकडे येतात पोलिसांच्या घरची माणसं. पोलीस गेला, किंवा हातापायाने अधू झाला, की त्याची बायको, आई, पोरगं विचारत विचारत माझ्या टेबलापर्यंत येतं. मी फॉर्म देते. भरून आणला की त्यात त्रुटी काढते. त्रुटी भरून निघाल्या की फाईल वर पाठवते. वरून ती नव्या त्रुटी घेऊन खाली येते. मग मी त्या बाईला पुन्हा बोलावते, आणि ती पारनेरहून, पाथर्डीहून, कोपरगावहून एसटीने पुन्हा येते. सोमवार हा आमचा भेटायचा वार. सोमवारी माझं डोकं दुपारपर्यंत उठलेलं असतं, हे आधीच सांगून ठेवते.

* * *

सुरुवात घरापासून करू. माझ्या शेजारच्या टेबलावर गायकवाड हवालदार बसतात. उजव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं गेली ती उसाच्या ट्रॉलीखाली. रस्त्यात उलटलेली ट्रॉली बाजूला घेताना साखळी तुटली. माणूस वाचला, बोटं गेली. मग खात्याने त्यांना हलकं काम म्हणून माझ्याकडे पाठवलं. हलकं काम! चाळीस-चाळीस किलोचे गठ्ठे उतरवतात ते डाव्या हाताने.

त्यांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर पहिल्या वर्षी कुण्या डॉक्टरने लिहून ठेवलं, 'एक वर्षाने फेरतपासणी'. झालं! तेव्हापासून दरवर्षी गायकवाड रजा टाकतात, रांगेत उभे राहतात आणि हात दाखवून येतात. एका वर्षी नवा डॉक्टर होता, वयाने लहान, चांगल्या मनाचा. त्याने जुना कागद वाचला, हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मागच्या वर्षीपेक्षा काही फरक?"

गायकवाड म्हणाले, "न्हाई साहेब. औंदा पाऊस कमी, कोंब फुटलं न्हाईत."

डॉक्टर म्हणे इतका शरमला की त्याने तिथल्या तिथे 'कायमस्वरूपी' असं लिहून दिलं. गायकवाडांनी आम्हाला पेढे आणले. तीन बोटं कायमची गेल्याचे पेढे! मी एक खाल्ला आणि मग बराच वेळ मान खाली घालून टायपिंग करत राहिले.

* * *

छाया पहिल्यांदा आली ती अशाच एका सोमवारी. पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली पोरगी, तिशीच्या आतली, बारावी शिकलेली. सोबत सहा वर्षांची मुलगी. नवरा संदीप, पोलीस शिपाई, जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात. जत्रेच्या बंदोबस्ताला हमरस्त्यावर उभा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला मागून पिकअपने उडवलं. जागच्या जागी गेला.

आता इथे थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पोलीस नोकरीत असताना गेला तर कुटुंबाला पेन्शन मिळतेच. पण तो ड्यूटीवर असताना गेला, तर फाईल वेगळी. विशेष मदत वेगळी, पोरांच्या शिक्षणाची सोय वेगळी, आणि पोलीस लाईनीतली खोली लगेच सोडावी लागत नाही. एका शब्दाचा फरक. तो शब्द कागदावर सिद्ध व्हावा लागतो.

आणि छायाच्या फाईलवर शेरा आला होता: 'ठाण्याच्या डायरीनुसार मयत कर्मचारी सात वाजता ड्यूटीवरून परत. अपघात त्यानंतरचा. तरी मयत कर्तव्यावर होता हे कशावरून?'

मी तिला तो शेरा वाचून दाखवला. वाटलं, रडेल. मी टेबलाच्या खणात रुमाल ठेवतेच. ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, पैशाचं मागाहून बघू. पण ते ड्यूटीवर असताना गेले एवढं मला कागदावर लिहून द्या. दीर विचारतात, ड्यूटी सातला संपली होती तर पावणेआठला रस्त्यात काय करत होता? गावात कोणी म्हणतं ढाब्यावर बसला होता, कोणी काय म्हणतं."

पोस्टमॉर्टेमच्या कागदात दारूचा थेंब नव्हता. तो कागद माझ्यासमोर होता. पण गाव काय रिपोर्ट वाचतं?

"सासूबाईंनी त्यांचा फोटो भिंतीवर लावू दिला न्हाई अजून," छाया म्हणाली. "म्हणतात, आधी खरं काय ते कळू दे."

मी चिडले. कोणावर चिडले ते मलाच कळेना, म्हणून गायकवाडांवर ओरडले, "पंखा का बंद आहे?" पंखा चालू होता.

* * *

त्या दिवसापासून छाया दर सोमवारी यायला लागली. मी म्हटलं, "अगं, वरून काही आलं की मी फोन करते, कशाला हेलपाटे घालतेस?" ती म्हणाली, "घरी बसून तरी काय करू मॅडम? हितं निदान लोक त्यांचं नाव घेतात." भिंतीजवळच्या बाकड्यावर बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघत राहायची. त्यामुळे पुढचे किस्से तिच्यादेखतच घडलेले आहेत.

एकदा कोपरगावकडचा मुलगा आला, कॉलेजात जाणारा. वडील हवालदार. ड्यूटीवरच मोटरसायकल घसरून पाठीचा कणा गेला, मानेखालचं काही हलत नाही. त्यांना वैद्यकीय कारणावरून सेवेतून कमी करायचं आणि पेन्शन चालू करायची, असं प्रकरण. त्या फॉर्मला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. फोटोग्राफर घरी नेला. हवालदारांनी हट्ट धरला, फोटो काढायचा तर खाकी शर्टातच! बिचाऱ्या बायकोने तासभर खपून शर्ट चढवला, बटणं लावली, भांग पाडला, शेजारी बसली. फोटो निघाला. मी फाईल वर पाठवली.

पंधरा दिवसांत परत! शेरा: 'फोटोत तिसऱ्या इसमाचा हात दिसत आहे. खुलासा करावा.'

मी भिंग घेऊन पाहिलं. खरंच, हवालदारांच्या पाठीमागे, कॉलरजवळ, चार बोटं दिसत होती. पोराला बोलावलं, शेरा दाखवला. त्याने पेन घेतलं, तिथेच उभ्या उभ्या खुलासा लिहिला आणि खाली सही केली:

'हात माझा आहे. काढला की वडील पडतात.'

मी तो खुलासा जसाच्या तसा जोडून वर पाठवला. फाईल आठवड्यात मंजूर झाली. इतक्या वर्षांत इतकी लवकर सुटलेली ती एकच फाईल! बाकड्यावर छाया तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं रडतेय, तर ती त्या पोराला म्हणाली, "बस रे दादा, पाणी पी." आणि आपली बाटली त्याच्यापुढे धरली.

* * *

कोल्हारची आजी हा तर आमच्या ऑफिसातला फेमस किस्सा. नवरा जुन्या काळातला पोलीस, जाऊन तीस-पस्तीस वर्षं झालेली. आजी दर हिवाळ्यात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला यायची. खरं तर ते काम आता बँकेत होतं. पण आजीचा बँकेवर विश्वास नाही. "तिथलं पोरगं माझ्याकडं बघतच न्हाई. मंग मी जिती हाय हे त्याला कळनार कसं?" असा तिचा सवाल. बिनतोड!

त्या वर्षी गायकवाड फॉर्म भरत होते. "आजी, नवऱ्याचं नाव?"

आजी गप्प.

"अहो आजी, मालकाचं नाव काय?"

आजीने मान फिरवली. गायकवाडांना वाटलं ऐकू येत नाही, ते ओरडायला लागले. तेव्हा आजी कडाडली, "बहिरी न्हाई मी! नवऱ्याचं नाव घेत असत्यात व्हय? जन्मात घेतलं न्हाई, आता हितं कचेरीत चार मानसांत घेऊ?"

"मग मी लिहू काय?"

आजीने क्षणभर विचार केला, खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "बक्कल नंबर चौदाशे बारा."

आम्ही बघतच राहिलो! मी विचारलं, "आजी, नंबर घेतलेला चालतो?"

"नंबर काय बारशाला ठेवलाय व्हय! नंबर सरकारनं दिलाय. सरकारात सांगाया काय हरकत हाय?"

गायकवाडांनी उठून आजीला सॅल्यूट ठोकला, त्या दोन बोटांच्या हाताने. सगळे हसले. छायाही हसली, पहिल्यांदाच. मला म्हणाली, "मी तर सरळ नावानं हाक मारायचे मॅडम. संदीप, दूध आण. संदीप, टाकी भरली का बघ. सासूबाई किती चिडायच्या!" आणि मग एकदम थांबली. त्या दिवशी ती तीनची गाडी सोडून दोनच्याच गाडीने गेली.

* * *

दोन बायकांचं प्रकरण आलं की आमच्याकडे आधीच बंदोबस्त करतात. गायकवाड दोन खुर्च्या दोन टोकांना ठेवतात, मध्ये कपाट. वरच्या मजल्यावरून एक महिला पोलीस बोलावून ठेवतात. अनुभवाने शहाणपण आलंय! मागे एकदा माझ्या टेबलावरचा पेपरवेट खिडकीतून बाहेर गेला होता.

तर असा एक पोलीस वारला. लकवा होऊन दोन वर्षं पडून होता. दोन्ही बायकांना एकाच दिवशी बोलावणं गेलं. आम्ही दबा धरून बसलो, आता पहिली कोण येते! आणि आल्या दोघी एकाच रिक्षातून. धाकटीच्या हातात थोरलीची पिशवी.

थोरली म्हणाली, "बाई, पेन्शन आमच्या दोघींच्या नावावर करा. निम्मी-निम्मी."

मी समजावलं. कायद्याने पहिलं लग्न तेवढंच खरं. दुसरीचं नाव घालता येत नाही. ती आमच्या हिशेबी नाहीच.

थोरली माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमच्या कायद्याला ती दिसत न्हाई, माझ्या डोळ्याला दिसती ना! दोन वर्सं त्याचं हागनं-मुतनं हिनं काढलं. मला वास सोसायचा न्हाई, मी वट्यावर बसायची. आनि पेन्शन मला व्हय?"

धाकटी खाली बघत होती. मी नियम पुन्हा वाचून दाखवला, दुसरं करणार तरी काय? थोरलीने शेवटी अंगठा उठवला आणि मला म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ द्या. तुमी लिव्हा माझ्या नावावर. आमी घरी बघू."

महिला पोलीस डोळे पुसत वर गेली. पेपरवेट जागच्या जागी राहिला.

* * *

आता ढाकण्यांचा किस्सा. हा किस्सा म्हणून सांगायला मला लाज वाटते, कारण यात मी काहीच केलं नाही.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एक गृहस्थ आले. साध्या कपड्यांत, पण बूट पोलिसांचे. पाथर्डीकडची बोली. बसा म्हटलं तर बसेनात. म्हणाले, "मॅडम, एका मानसाचं इचारायचंय."

'एका माणसाचं' म्हणून जो विचारतो तो स्वतःचंच विचारत असतो, हे मला कळतं. म्हटलं, "विचारा."

"समजा, एखाद्यानं डायरीत नोंद खरी न्हाई केली. चांगल्यासाठीच, पन खरी न्हाई. आनि आता त्यो खरं सांगाया गेला. आनि त्याला रिटायर व्हायला तीन म्हैने ऱ्हायलेत. तर काय व्हतं?"

मी पाठ असल्यासारखं सांगून टाकलं. विभागीय चौकशी लागते. ती किती वर्षं चालेल कोणी सांगू शकत नाही. तोवर ग्रॅच्युइटी अडकते, पेन्शन तात्पुरती म्हणून मिळते, आणि ती मिळवायलाही हेलपाटे. चौकशीत दोषी ठरला तर पेन्शनीला कात्री.

ते म्हणाले, "अस्सं." चहा मागवला होता, तो तसाच राहिला. गेले.

गायकवाड डबा खाता खाता थांबले. "मॅडम, वळखलं का? ढाकणे, सहायक फौजदार. छायाबाईच्या मालकाच्या ठान्यातले. त्या दिवशी डायरी हेच लिव्हत व्हते."

मग गायकवाडांनी मला ठाण्यात डायरी लिहायची रीत सांगितली. मी बत्तीस वर्षं या खात्यात काढली, पण ठाण्यात कधी बसले नाही, मला कुठून माहीत असणार! बंदोबस्ताला गेलेला माणूस दहा-वीस किलोमीटर लांब उभा असतो. ड्यूटी संपल्यावर त्याने ठाण्यात यायचं, 'परत आलो' अशी नोंद करायची आणि मग पुन्हा तेवढंच अंतर तोडून घरी जायचं. चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाला कोण असं पळवणार? म्हणून डायरी लिहिणारा ठरलेली वेळ झाली की सगळ्यांची 'परत' टाकून देतो. पोरं तिथूनच घरी जातात. "मायेनंच करत्यात मॅडम," गायकवाड म्हणाले. "मी बी शंभरदा केलंय. माझी बी शंभरदा टाकलीय कुनीतरी. पूर्वी शाईची डायरी व्हती, काय झालंच तर वर-खाली करता यायचं. आता कॉम्प्युटर. एकदा टाकलं की टाकलं."

म्हणजे संदीप सात वाजता ठाण्यात आलाच नव्हता. तो उभा होता तिथेच होता. आणि त्या दिवशी बंदोबस्तावरच्या बाकीच्या तिघांनी आपापल्या जबाबात लिहून दिलं होतं, 'आम्ही सात वाजता परत आलो.' दुसरं काय लिहिणार? खरं लिहिलं तर तेही अडकतात, ढाकणेही अडकतात.

पुढच्या सोमवारी छाया आली, नेहमीसारखी बाकड्यावर बसली. मला खरं माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नाही. ऐकीव गोष्ट, कागद नाही, माझी नोकरी, ढाकण्यांचं म्हातारपण. अशी शंभर कारणं मी मनात मांडली. खरं कारण एकच, मी भित्री आहे. तिने विचारलं, "काही आलं का मॅडम?" मी म्हटलं, "नाही गं." आणि तिच्यासाठी चहा मागवला. एवढंच केलं मी.

असे किती सोमवार गेले कोण जाणे. मध्येच लाईनीतली खोली रिकामी करायची नोटीस तिला लागली. ती तिने मला दाखवली नाही, गायकवाडांना दाखवली. म्हणाली, "मॅडमना नका सांगू, त्यांना वाईट वाटतं."

* * *

आणि हा शेवटचा.

ढाकण्यांची निवृत्ती जवळ आली. पेन्शनीचे कागद द्यायला ते बायकोला घेऊन आले. तिच्याही सह्या लागतात ना. नेमका सोमवार! मी मनात म्हटलं, आता हा माणूस दारातूनच फिरणार. पण त्यांनी छायाला कधी पाहिलेलं नव्हतं. ते सरळ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. बायको बाकड्यावर टेकली, छायाच्या शेजारी.

ढाकणेबाई बोलक्या. पाच मिनिटांत त्यांनी पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले, छायाच्या हातावर ठेवले, गाव विचारलं, पोरगी कितवीत आहे विचारलं. मी इकडे फॉर्म तपासतेय आणि माझे कान तिकडे.

"मालक कुटं असत्यात ड्यूटीला?"

"गेले ते," छाया म्हणाली. "जत्रेच्या बंदोबस्तात."

"अगं बाई! कंच्या ठान्याला व्हते?"

छायाने ठाणं सांगितलं. ढाकणेबाईंचा हात तसाच राहिला. मग त्या सरळ नवऱ्याला म्हणाल्या, खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात, "अहो, तुमी त्या जत्रेपास्नं नीट जेवत न्हाई, त्याच पोराची बायको का ही?"

ढाकणे उठले. मला वाटलं निघाले. पण ते छायापुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पोरी, माझ्या हातनं झालं ते. सातला मी चौघांची परत टाकली. सात वाजून पाच मिन्टांनी त्याचा फोन आला. म्हनला, 'दादा, माझी परत टाकू नका, बदली मानूस आला न्हाई, गर्दी लई हाय, मी हितंच हाय.' मी म्हनलं, 'आरं, टाकली की! ऱ्हाऊ दे, काय फरक पडतोय?'"

"मग काय म्हणाले ते?" छायाने विचारलं.

"म्हनला, 'बरं.'"

छाया हातातल्या शेंगदाण्यांकडे बघत राहिली. ती म्हणाली, "असंच म्हणायचे ते." आणि तेव्हा ती रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी रुमाल काढायला खण उघडला, तर मलाच तो दिसेना.

ढाकणे माझ्याकडे वळले. "मॅडम, कोरा कागद द्या."

म्हटलं, "ढाकणे, मी तुम्हाला तेव्हा सांगितलंय काय होतं ते. अजून विचार करा."

"काय व्हतं?" बाकड्यावरून बाई म्हणाल्या. "मला बी सांगा की."

मी सांगितलं. या वेळी पाठ म्हटल्यासारखं नाही, नीट, सावकाश, त्यांना कळेल असं. चौकशी, अडकलेली रक्कम, किती वर्षं ते माहीत नाही, आणि हेलपाटे. त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. काय ठरलं ते त्यांचं त्यांना माहीत.

गायकवाडांनी कागद पुढे सरकवला. ढाकण्यांनी लिहायला घेतलं. अक्षर सुंदर, मोत्यासारखं, डायरी लिहिणाऱ्याचं असतं तसं. एक पान भरलं. सही केली, खाली तारीख आणि वेळ टाकली. मग बायकोला वाचता येत नाही म्हणून त्यांनी ते पान पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवलं. 'मी खाली सही करणार लिहून देतो की' इथपासून. 'सदर कर्मचारी त्या वेळी ड्यूटीवरच होता' या ओळीवर ते थांबले. ती ओळ त्यांनी पाणी पिऊन पुन्हा वाचली.

मी कागद घेतला, आवक रजिस्टरला चढवला, शिक्का मारला. पेन्शनीचे कागद आता थांबणार होते, ते त्यांच्याकडे परत दिले. ते त्यांनी नीट घडी घालून पिशवीत ठेवले आणि पायरीवर जाऊन बसले.

बाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवरून काढून बाकड्याखाली सारली, पदर सावरला आणि छायाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या,

"सरक गं माय जराशी. आता सोमवारचं मला बी यायचंय."